नदीकाठच्या झाडांवर तोडीची नोटीस लागली आहे. हरकत कशी लिहायची आणि बदली झाडं कुठे मागायची?

मुठाकाठ:

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्याला, विठ्ठलवाडीच्या बाजूला आमची जुनी सोसायटी आहे. मागच्या कुंपणापलीकडे लगेच मुठा नदीचा उतार सुरू होतो. परवा सकाळी तिथल्या झाडांच्या खोडांवर कागद चिकटवलेले दिसले. नदीकडेने संरक्षक भिंत आणि तिच्या वरून पायवाट करायची आहे, त्यासाठी ४१ झाडं काढायची आहेत. मी वही घेऊन खाली उतरले आणि सगळी यादी उतरवून घेतली. सुबाभूळ १७, करंज ९, गुलमोहर ५, बाभूळ ४, उंबर ३, पर्जन्यवृक्ष २, जांभूळ १. यातल्या ६ झाडांपुढे ‘पुनर्रोपण’ असं लिहिलंय, बाकी सगळी ‘पूर्ण काढणे’. बदल्यात झाडं कुठे लावणार, याच्यासमोर ‘उपलब्ध जागेनुसार’ एवढंच.

भिंत नकोच, असं मला म्हणवत नाही. जुलै २०२४ मध्ये आमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं होतं आणि तळमजल्यावरच्या घरांतली गाद्या-कपाटं, मुलांची पुस्तकं सगळं गेलं. तिथल्या आजी अजून पाऊस वाढला की रात्री जाग्या राहतात. त्यांच्यापुढे जाऊन ‘झाडांसाठी भिंतीला विरोध करा’ असं कोणत्या तोंडाने सांगू? पण पाणी ओसरल्यावर मी हेही पाहिलं की करंजांची रांग जिथे आहे तिथली कड जागच्या जागी होती आणि रांग संपते तिथून पुढे माती ढासळून खाली गेली होती. म्हणजे हीच झाडं काढून तिथेच भिंत घालणार.

मला विचारायचं आहे ते असं. नुसतं ‘झाडं तोडू नका’ लिहून काही होतं का? बदली झाडं याच काठावर लावा, असं मागण्याचा आपल्याला अधिकार आहे का? आणि यादीत उंबराचं वय २० वर्षं टाकलंय. मी आणि माझी जाऊ दोघींनी हात लावले तरी त्याला वेढा पुरा होत नाही. ते कोण ठरवतं?

सोसायटीच्या गटावर दोन तट पडलेत. हरकतीची मुदत फार नाही. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.


पर्वतीपायथा:

ताई, यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाचं, खंडपीठ पुण्यातच आहे, थेट तिथे जा. सोबत सह्यांची मोहीम काढा, हजार-दोन हजार सह्या झाल्या की यंत्रणा हलते. आमच्या भागात रस्त्यासाठी झाडं जाणार होती तेव्हा आम्ही उशीर केला आणि एका रविवारी पहाटे सगळं आटोपलेलं होतं.


वाळुंज:

मुठाकाठताई, यादी उतरवून घेतलीत हे सगळ्यात मोलाचं काम झालं. मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि आता ओढ्यानाल्यांच्या काठी लागवडीचं काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी न्यायाधिकरणाचं. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सात कायदे आहेत. पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता वगैरे. आपला राज्याचा वृक्षकायदा त्या यादीत नाही. नदीपात्रातला भराव, पर्यावरण मंजुरीतल्या अटी असा मुद्दा असेल तर तिथलं दार उघडतं. नुसत्या वृक्षतोडीच्या परवानगीविरुद्ध जायचं तर वाट मुंबई उच्च न्यायालयाची. पण न्यायालयात गेल्यावर पहिला प्रश्न हाच येणार की मुदतीत तुम्ही हरकत घेतली होती का आणि त्यात काय म्हटलं होतं. म्हणून आज सगळा जीव हरकतीत ओता. सह्या जरूर घ्या, पण हजार सह्यांखाली एकच ओळ असेल तर तिला उत्तरही एकाच ओळीत मिळतं.

आता कायदा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यातलं कलम ८ काढून शांतपणे वाचा, दोन पानांचं आहे. झाड पाडायचं असेल तर खाजगी माणसाने, तसंच सरकारी किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्यानेही वृक्ष प्राधिकरणाकडे, म्हणजे झाडांसाठीच्या महापालिकेच्या समितीकडे, लेखी अर्ज करायचा असतो. अर्जासोबत झाडाचं वर्णन, त्याची जागा दाखवणारा नकाशा आणि पाडण्याचं कारण द्यावं लागतं. मग वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः जाऊन झाड पाहायचं, चौकशी करायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि झाडावर नोटीस लावायची. तुम्ही पाहिलात तो कागद याच टप्प्यावरचा. परवानगी मिळाली तरी त्यानंतर १५ दिवस झाडाला हात लावता येत नाही. हे १५ दिवस कुणाला आठवत नाहीत, तुम्ही दारावर लिहून ठेवा. न्यायालयात जायचं तर तेवढाच अवधी हातात असतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच कलमात आहे. परवानगी देताना प्राधिकरण अट घालू शकतं की त्याच जातीचं किंवा दुसऱ्या योग्य जातीचं झाड त्याच जागी किंवा दुसऱ्या योग्य जागी लावलं पाहिजे, आणि तेही झाड पाडल्यापासून ३० दिवसांच्या आत किंवा वाढवून दिलेल्या मुदतीत. ‘त्याच जागी’ हा पर्याय कायद्यात आधी येतो. व्यवहारात मात्र सगळे धावतात दुसऱ्या जागेकडे, कारण ती मोकळी असते, खड्डे यंत्राने खणता येतात आणि फोटोत रांगा छान दिसतात. तुम्ही मागणी करताय ती कायद्याबाहेरची नाही. त्याच जागी का नाही, याचं कारण लेखी मागा.

आकड्यांचा मोह टाळा, असं मी तुम्हाला कळकळीने सांगेन. याच कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने दोन मोठ्या गोष्टी आणल्या. ५० वर्षं किंवा त्याहून अधिक वयाचं झाड म्हणजे वारसा वृक्ष. आणि जे झाड पाडायचं त्याचं जितकं वय, तितकी झाडं बदल्यात लावायची, ती सहा ते आठ फूट उंचीची असावीत, त्यांचं जिओटॅगिंग (प्रत्येकाच्या जागेची नकाशावर नोंद) करायचं आणि सात वर्षं ती जगवायची. ऐकायला फार चांगलं आहे. मलाही तेव्हा आनंद झाला होता. पण तुमच्याच यादीचा हिशेब करा. ४१ झाडांचं सरासरी वय नुसतं २० धरलं तरी ८२० रोपं झाली. तुमच्या सोसायटीमागच्या पट्ट्यात नीट अंतर ठेवून ती मावतील का? नाही मावणार. मग तेच निमित्त होतं आणि सगळीच्या सगळी रोपं कुठल्यातरी मुरमाड टेकडीवर जातात. त्या टेकडीवर गवताळ माळ असेल तर त्याचंही वाटोळं. नदीच्या वाट्याला शून्य.

म्हणून हरकतीत क्रम उलटा ठेवा. आधी जागा, मग जात, मग संख्या. या उतारावर जितकी मावतात तितकी इथेच. उरलेली मुठेच्याच काठावर, वरच्या किंवा खालच्या अंगाला, आणि जागेच्या नकाशासह. नदीचा काठ गेला तर बदल्यात नदीचाच काठ मिळाला पाहिजे. उंबराच्या मुळांनी जी कड धरून ठेवली होती ती कड टेकडीवरचा कडुनिंब धरणार नाही.

उंबराच्या वयाबद्दल. खोडाची वाढवलयं मोजून वय काढतात हे आपण शाळेत शिकलो, पण आपल्याकडे फार थोड्या झाडांत ती भरवशाची असतात. सागात असतात. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा माग काढला गेलाय. उंबराला तशी वलयं मिळत नाहीत, त्यामुळे त्याचं वय म्हणजे शेवटी अंदाजच. मात्र तो अंदाज कशावरून केला ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. टेप घ्या, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेर मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा. उतारावरचं झाड असेल तर वरच्या बाजूच्या जमिनीपासून मोजा आणि तसं लिहा. मग जुने पुरावे गोळा करा. सोसायटीच्या बांधकामाच्या वेळचे फोटो, लग्नमुंजीचे फोटो ज्यांत मागे झाड दिसतंय, गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं. सोसायटी १९८५ ची असेल आणि भूमिपूजनाच्या फोटोत उंबर उभा असेल तर २० वर्षांचा दावा तिथेच संपतो. तीन उंबर प्रत्येकी २० वर्षांचे धरले तर बदली रोपं ६०. तेच पन्नाशीचे ठरले तर १५०, आणि वर वारसा वृक्षाचा दर्जा. वयाची ओळ कुणी सहज भरलेली नसते, तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पुनर्रोपणाच्या ६ झाडांबद्दल वेगळा परिच्छेद लिहा. ती कोणती, कुठे नेणार, कधी नेणार, कोण पाणी घालणार. मोठं झाड हलवायचं तर काही महिने आधीपासून मुळांभोवती टप्प्याटप्प्याने चर खणून नवी तंतुमुळं फुटू द्यावी लागतात, मग मातीचा गोळा बांधून उचलायचं. वड-पिंपळ-उंबर हे त्यातल्या त्यात सोसतात. नदीच्या उतारावरच्या झाडाची अडचण अशी की त्याची मुळं सगळीकडे सारखी नसतात. ती वरच्या अंगाला लांबवर गेलेली असतात, काही खडकाच्या फटीत घुसलेली असतात, त्यामुळे गोल गोळा निघतच नाही. अर्धी मुळं तुटलेलं झाड क्रेनने नेऊन दुसरीकडे पुरायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात ते वाळलं की नोंद मात्र ‘पुनर्रोपित’ अशीच राहते. म्हणून अट अशी मागा की पुनर्रोपण केलेलं झाड मेलं तर ते तोडलेलं धरावं आणि त्याची बदली रोपं लागू व्हावीत.

शेवटचा मुद्दा पक्ष्यांचा. पर्जन्यवृक्षांवर पावसाळ्यात बगळ्यांची, ढोकरींची घरटी असतात का बघा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. घरटी असतील तर तारखेसह फोटो जोडा.


पुलाखाली:

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. माझं घर २५ जुलै २०२४ ला कमरेएवढ्या पाण्यात होतं. पहाटे चार वाजता आईला पाठीवर घेऊन जिन्याने वर गेलोय. पाण्याबरोबर आलेले ओंडके, झुडपं पुलाला अडकून पाणी मागे फुगलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नदीत झाडी नकोच. आणि ४१ मधली १७ सुबाभूळ आहे. सुबाभूळ म्हणजे बाहेरून आलेलं तण, आपणच म्हणतो ना की देशी झाडं हवीत? मग काढू द्या की. प्रत्येक झाडासाठी अडून बसलो तर भिंत होणार नाही आणि पुढच्या पुरात पुन्हा आम्हीच.


वाळुंज:

राग कसला. तुम्ही जे भोगलंत ते खरं आहे आणि हरकतीत तेही आलं पाहिजे.

पात्रात, म्हणजे पाणी वाहतं त्या भागात, दाट झाडोरा असेल तर पाण्याचा वेग मंदावतो आणि पातळी चढते, हे बरोबरच आहे. पात्राच्या मध्ये उगवलेल्या सुबाभळी आणि बेटांवरचं रान काढायला माझा विरोध नाही. पण पात्र वेगळं आणि काठ वेगळा. काठाच्या उतारावर मुळं रोवून उभा असलेला करंज ओंडका होऊन पुलाला अडकत नाही. अडकतात ती उपटून आलेली, ढासळलेल्या कडेबरोबर वाहिलेली झाडं. कड धरून ठेवणारं झाड काढलं की मागची माती सुटते आणि तिच्याबरोबर तिथलं बाकीचंही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुठेची निळी पूररेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, साधारण ६० हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) विसर्गावर आखलेली. लाल रेषा शंभर वर्षांत एकदाच्या पुराची, १ लाख क्युसेकवर. जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सुटलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या आसपास होतं. निळ्या रेषेच्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी पाण्यात तुमच्या घरात कंबरभर पाणी आलं. पात्रातला भराव, राडारोडा, काठाने केलेली अतिक्रमणं यांनी नदीची जागा किती आवळली आहे, हा प्रश्न त्या आकड्यांतून उभा राहतो. भिंत नदीच्या अंगाला आणखी पुढे सरकवून घातली तर तुमच्याकडचं पाणी समोरच्या काठावरच्या माणसांच्या घरात जाईल. म्हणून भिंतीची आखणी नेमकी कुठून आहे, निळ्या रेषेच्या आत की बाहेर, हे मुठाकाठताईंनी नकाशात पाहावं. कदाचित आखणी थोडी सोसायटीकडे सरकवली तर भिंतही होईल आणि करंजांची रांग भिंतीच्या पुढे नदीच्या अंगाला तशीच राहील. पाणी आधी झाडांवर आदळेल, मग भिंतीवर. भिंतीचा पायाही त्याने टिकेल.

सुबाभळीबद्दल माझं मत सांगते. ती मध्य अमेरिकेतून आली, तिचं बी वाटेल तिथे रुजतं आणि खाली दुसरं काही वाढू देत नाही. ती जावी, पण एका दिवसात नको. १७ झाडं एकदम काढली तर उतार एका पावसाळ्यात उघडा पडेल. तुकड्यातुकड्याने काढा, काढलेल्या जागी देशी रोपं लावा, ती धरली की पुढचा तुकडा. बुंधा खणून न काढता जमिनीलगत कापायचा, मुळं मातीत राहू द्यायची. नवे फुटवे मात्र वरचेवर खुडत राहावे लागतात. हरकतीत असं लिहिलंत तर प्राधिकरणातल्या माणसांनाही कळतं की तुम्ही सरसकट ‘नाही’ म्हणत नाही. सुबाभळींवर होकार द्या, गुलमोहरावर चर्चेची तयारी ठेवा (तो मादागास्करचा, मुळं उथळ, वादळात पडतो) आणि करंज, उंबर, जांभूळ यांच्यावर अजिबात मागे हटू नका. बाभळींबद्दलही भांडा. काटेरी म्हणून त्यांना कुणी वाली नसतो, पण त्या आपल्या मातीतल्या आहेत आणि सुगरणी तिथेच घरटी बांधतात.


मुठाकाठ:

वाळुंजताई, पुलाखाली, दोघांचेही आभार. पुलाखाली, तुमचा प्रतिसाद मी गटावर वाचून दाखवला. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, भिंत थोडी आत घ्यायला माझी हरकत नाही, माझ्या खिडकीपुढे आली तरी चालेल, पण ती पडता कामा नये.

काल घेर मोजले. सगळ्यात मोठ्या उंबराचा घेर ३४० सेंटीमीटर भरला. आणि शेजारच्या वाड्यातले एक काका म्हणाले, पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १९६१ च्या जुलैत, ते सातवीत होते, आणि पुरानंतर काठ सगळा बोडका झाला होता. हा उंबर त्यानंतर चार-पाच वर्षांत उगवलेला. त्याच्याखाली म्हशी बांधलेला एक फोटो त्यांच्याकडे आहे. फोटोच्या मागे १९७८ असं पेनाने लिहिलंय. हा पुरावा म्हणून चालेल का?

दुसरं म्हणजे, काठावर नेमकी कोणती झाडं मागू? ‘देशी झाडे’ एवढंच लिहिलं तर बकुळ आणि सोनचाफा आणून लावतील अशी भीती वाटते.


वाळुंज:

चालेल काय, उत्तम आहे. फोटोची प्रत, काकांचं साध्या कागदावर सहीनिशी निवेदन आणि तुमचं मोजमाप, तिन्ही एकत्र लावा. १९७८ मध्ये त्याच्या सावलीला म्हशी बांधत असतील तर ते झाड पन्नाशीच्या आतलं ठरवणं कुणालाही कठीण जाईल. सोबत वृक्ष अधिकाऱ्याच्या पाहणी अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराला ३० दिवस, म्हणून तो अर्ज आजच टाका आणि हरकत त्याची वाट न पाहता द्या.

जाती उतारानुसार मागा. अगदी पाण्यालगत वाळुंज. हे माझं लाडकं झाड. पूर येऊन डोक्यावरून गेला तरी वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. त्याच्या जोडीला शेरणीची झुडपं, दगडांच्या फटीत घट्ट बसतात. मधेमधे वाळा, म्हणजे आपला उन्हाळ्यात माठात टाकतो तो. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती शिवून टाकतात. त्याच्या वर, मधल्या उतारावर करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ. पुराचं पाणी दोन-चार दिवस बुंध्याशी राहिलं तरी त्यांचं काही बिघडत नाही. सगळ्यात वर, वाटेच्या कडेला, सावलीसाठी कडुनिंब, चिंच, आणि जागा असेल तर एखादा वड, पण भिंतीपासून चांगला लांब. बकुळ, सोनचाफा सोसायटीच्या आत लावा, नदीचा उतार त्यांचा नव्हे.


रोपवाटिका_मुळशी:

रोपांचा व्यवसाय असल्यामुळे दोन गोष्टी सांगतो, कारण कागदावरची अट आणि जमिनीवरची गोष्ट यांत इथेच फरक पडतो.

सहा ते आठ फुटी रोपं मागितली की बाजारात मिळतात ती पिशवीत खूप दिवस राहिलेली. मुळं आत गोल गोल गुंडाळलेली असतात. सपाट जमिनीत एक मीटरचा खड्डा, चांगली माती, बांबूचा आधार दिला तर ती धरतात. नदीच्या तिरक्या उतारावर, पुराच्या पाण्यात, ती पहिल्याच वर्षी आडवी होतात. तिथे दीड-दोन फुटांची, मुळं मोकळी असलेली रोपं जास्त टिकतात. वाळुंजाचं तर रोपही लागत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या कापून ओल्या काठात खोचल्या की फुटतात. मागणी अशी करा की अटीतली मोठी रोपं वरच्या सपाट पट्ट्यात लावावीत आणि उतारावर त्याव्यतिरिक्त वाळुंज-करंजांची दाट लागवड व्हावी. दोन्ही वेगळं लिहा, नाहीतर उतारावरची लहान रोपं मोजणीत बसत नाहीत म्हणून ती लावलीच जात नाहीत.

लोखंडी संरक्षक जाळ्या उतारावर नकोत. पुरात त्यांना प्लॅस्टिक, जलपर्णी अडकते आणि झाड जाळीसकट उपटून जातं. नुसत्या बांबूच्या खुंट्या पुऱ्या.

आणि ३० दिवसांच्या मुदतीबद्दल. तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली तर ३० दिवसांत लावायचं म्हणजे ऐन उन्हात. टँकर महिनाभर येतो, मे महिन्यात थांबतो आणि रोपं जळतात. कायद्यात वाढीव मुदतीची सोय आहे असं वाळुंजताईंनी लिहिलंय, तिचा उपयोग करून घ्या. लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. पण मग तोडही त्याच सुमारास, पावसाळ्याआधी कड उघडी न ठेवता, टप्प्याने. तारीख पुढे गेली आणि विसरली गेली असं होऊ नये म्हणून प्रत्येक रोपाचा क्रमांक आणि जागा परवानगीच्या कागदाला जोडलेल्या नकाशावर मागा.


पुलाखाली:

भिंत आत घेण्याची मागणी आणि करंजांची रांग पुढे ठेवायची, या मजकुराला माझीही सही घ्या. आमच्या इमारतीतल्या आणखी काही जणांना विचारतो. पात्रातला राडारोडा काढा ही मागणी त्यात आली पाहिजे, एवढीच अट.


मुठाकाठ:

आली आहे. मसुदा असा झालाय, काही राहिलं असेल तर सांगा.

‘झाड क्र. ७ ते १५ (करंज) व क्र. २३, २४, ३१ (उंबर), क्र. ३६ (जांभूळ) ही झाडे नदीची कड धरून ठेवत असल्याने ती काढण्यास आमची हरकत आहे. भिंतीची आखणी सोसायटीच्या बाजूस सरकवून ही झाडे भिंतीच्या नदीकडील बाजूस ठेवता येतील का, याची पाहणी करून लेखी उत्तर द्यावे. क्र. २३ च्या उंबराचे वय २० वर्षे नमूद केले आहे. घेर ३४० सेंमी, १९७८ चे छायाचित्र व निवेदन सोबत जोडले आहे. तो वारसा वृक्ष म्हणून नोंदवावा. सुबाभूळ १७ झाडे टप्प्याटप्प्याने काढण्यास हरकत नाही, प्रत्येक टप्प्यानंतर त्याच जागी लागवड व्हावी. बाभूळ ४ झाडे भिंतीच्या आखणीत प्रत्यक्ष येत नसल्यास ठेवावीत. बदली लागवड प्रथम याच उतारावर, उर्वरित मुठा नदीच्या काठावर, जागेच्या नकाशासह व सोबतच्या जातींच्या यादीप्रमाणे व्हावी. पुनर्रोपित झाड मृत झाल्यास ते तोडलेले समजावे. पात्रातील राडारोडा भिंतीच्या कामाआधी काढावा.’

खाली तळमजल्यावरच्या तिन्ही घरांच्या सह्या आधी घेतल्या आहेत.


वाळुंज:

चांगला झालाय. पर्जन्यवृक्षांचा उल्लेख राहिला. वर घरटी नसतील तर एकच ओळ पुरे, पावसाळ्यात तोड करू नये म्हणून. प्रत्येक झाडाचा फोटो त्याच्या क्रमांकासकट, पाठीमागे कड दिसेल असा लावा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ईमेलही त्याच दिवशी करा. सुनावणीला बोलावलं तर आजींना सोबत घेऊन जा. भिंत हवी आणि झाडंही हवीत, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं चांगलं.